नसलेला खडा

खाली कारखान्यात टाळ्या वाजल्या तेव्हा इनायात बदकाच्या पोटात कांदा भरत होती. शुक्रवारी यंत्रं बंद असतात, म्हणून तळमजल्यावरचं बोलणं तिसऱ्या मजल्यापर्यंत नीट ऐकू येतं. गल्लीतले सुतार, मुलामा देणारे, गादीवाले नमाज आटोपून एकेक करून येत होते आणि तिच्या नवऱ्याला कवटाळत होते. "हाजी रिफअत, आमच्यासाठी दुआ मागा." जाऊन आला नाही तोवर हाजी झालासुद्धा. वीस वर्षं हजच्या सोडतीत नाव टाकत होता, एकदाही निघालं नव्हतं. या वर्षी निघालं.

याच वर्षी निघायला नको होतं.

"डॉक्टर शुक्रींना काय कळवू?" ईनास ओट्याला टेकून उभी होती. ती शाळेत गणित शिकवते आणि घरातही हिशेब अर्धवट सोडत नाही. बापाला दुमियातहून मन्सूराच्या हॉस्पिटलात दर सलाईनसाठी गाडीतून नेलं ते तिनेच. "मंगळवारी ऑपरेशन. सोमवारी सकाळी दाखल. नाही म्हटलं तर मंगळवार दुसऱ्या कुणाला देतील."

"आधी जेवू दे त्यांना."

"आई, सहा महिने आपण त्यांना आधी जेवूच देतोय."

इनायातने बदकाचं पोट शिवायला सुई घेतली आणि दोरा ओवता येईना म्हणून सुई परत ठेवली.

सहा महिन्यांत या घराने काय केलं ते एकदा सरळ सांगायला हवं, कारण घरातलं कुणी सरळ सांगत नव्हतं. उन्हाळ्यात रिफअतच्या आतड्याचा एक तुकडा कापला. त्याला सांगितलं, अल्सर होता. मग लिव्हरमध्ये चार ठिपके दिसले. त्याला सांगितलं, पित्ताचा खडा आहे. ठिपके आकसावेत म्हणून तीन महिने सलाईनमधून औषध चढवलं. सांगितलं, रक्त वाढवायचं आहे. त्या औषधाने त्याची बोटं बधिर झाली, थंड लोखंडाला हात लावला की सुया टोचाव्यात तशी कळ यायला लागली. चाळीस वर्षं बीच झाडाच्या लाकडात गुलाब कोरणारा माणूस हातात पटाशी धरेना. त्याला सांगितलं, साखर झाली आहे. त्याने मुकाट्याने मुशब्बक सोडलं. दुमियातच्या माणसाने मुशब्बक सोडणं म्हणजे काय, ते ज्याने ती तळलेली, पाकात न्हालेली जाळी गरम गरम खाल्ली आहे त्यालाच कळेल. नसलेल्या मधुमेहासाठी सोडलं.

याला माया म्हणतात. घरोघरी हेच चालतं. आजाराचं नावही घ्यायचं नाही, "तो वाईट आजार" म्हणायचं, आवाज खाली आणून, जणू तो दाराशी उभा राहून ऐकतोय. आजारी माणूस सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. शेजाऱ्याला असतं, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला असतं. ज्याचं शरीर, तो तेवढा आंधळा.

आणि खोटं इतकं चोख जमलं की तेच अंगाशी आलं. खडा काय, थांबू शकतो. अर्धी गल्ली पोटात खडे घेऊन फिरते. हजला साडेतीन महिने होते. रिफअतने परवाच जाहीर केलं होतं की पोट फाडायचं ते मक्केहून आल्यावर.

वाएल वर आला तो घामाघूम. मोठा मुलगा, वय चव्वेचाळीस, कारखाना आता तोच बघतो. त्याने फ्रीज उघडला, पाण्याची बाटली तोंडाला लावली, आणि कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या अत्तियातकडे बघून म्हणाला, "आत्या, ऐकतेस ना खालचं? तो गादीवाला रडला. बाबा म्हणाले, बघा, माझ्या हजचा किती आनंद झालाय याला."

"रडायचं कशाला मेल्याने," अत्तियात म्हणाली. रिफअतची थोरली बहीण, चार वर्षांपूर्वी विधवा झालेली, स्वतः हज करून आलेली. घरात शेवटचा शब्द बहुतेक वेळा तिचाच. "माणसाला कळलं असतं म्हणजे?"

"अर्ज कुणी भरला होता सोडतीचा?" ईनासने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

वाएलने बाटलीचं झाकण लावलं. अर्ज त्यानेच भरला होता. आतड्याच्या ऑपरेशननंतर बाप पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा, तेव्हा. काहीतरी वाट बघायला हवी म्हणून. दर वर्षी टाकतो, तसं याही वर्षी. नाव थोडंच निघणार होतं.

"मी बघतो," वाएल म्हणाला. "मी विचार केलाय. बाबांना सांगायचं, मंत्रालयातून फोन आला, यादीत चूक झाली होती, नाव रद्द झालं. मग हज नाही तर निदान खडा तरी काढून घेऊ, असं म्हणतील ते स्वतःच."

"म्हणजे हज काढून घ्यायची आणि खडा ठेवायचा."

"तुला दुसरं सुचतंय का?"

"सुचतंय. खरं सांगायचं. डॉक्टरांनी काय म्हटलं ते सांगू का पुन्हा? खड्याच्या नावाखाली मी कुणाचं अर्धं लिव्हर कापत नाही. त्यांना स्वतः बाबांच्या तोंडून ऐकायचंय की बाबांना कळलंय. सही बाबांची हवी."

"सही देतील. बाबा न वाचता सही करतात. माझ्यावर विश्वास आहे त्यांचा."

"तोच तर वापरतोयस."

"ईनास," इनायात म्हणाली, "भावाशी असं बोलू नये."

"कसं बोलू? त्याने बाबांना एकदा अल्सर दिला, एकदा खडा दिला, एकदा साखर दिली. आता मंत्रालय देतोय. अजून काय काय रोग व्हायचेत त्यांना?"

अत्तियातला हसू आलं, तिने ते लसणीत दाबलं. मग म्हणाली, "पोरी, तुला शिक्षण आहे, अक्कल नाही. माणूस आजाराने मरत नाही, आजाराच्या नावाने मरतो. तुझ्या आईच्या भावाला सांगितलं होतं ना खरं? आठ दिवसांत आटोपला. माझ्या नवऱ्याला, मन्सीला, मी शेवटपर्यंत कळू दिलं नाही. गॅस आहे म्हटलं. शांत गेला. वाएलचं बरोबर आहे."

दोन विरुद्ध एक झालं. इनायातने कुणाचीच बाजू घेतली नाही, म्हणजे तीन विरुद्ध एक. ईनासने भावाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. दोन भावंडांत बापाला उचलून न्हाणीघरात कोण नेत होतं, ते तिला माहीत होतं. म्हणून राग पुरता येत नव्हता, आणि पुरता येत नव्हता याचाच जास्त राग येत होता.

जेवायला रिफअत वर आला तो लोकांच्या दाढ्या घासलेले गाल पुसत. अंगाने निम्मा झाला होता, पण आज ताठ चालत होता. त्याला काहीच संशय आला नव्हता. एवढ्या शहाण्या माणसाला कसा आला नाही, असं विचारणारे असतील. ज्याच्यावर घरातली चार माणसं जीव टाकतात, तो त्यांच्या तोंडावर खोटं शोधत बसत नाही. चोर घरात आहे असं समजून कोण जेवतं?

"ते मन्सूराचे डॉक्टर पुन्हा फोन करत होते म्हणे," बदकाची तंगडी आधी बहिणीच्या ताटात वाढत तो म्हणाला. "घाई झालीय त्यांना. सांगा, खडा इतकी वर्षं बसला, अजून थोडा बसेल. मी हजमध्ये मिनाला सैतानाला खडे मारायला चाललोच आहे, त्यातच हाही देऊन टाकतो. डॉक्टरचं काम वाचलं."

स्वतःच हसला. बाकीचे हसले नाहीत तेव्हा त्याने ताटातून मान वर केली. "काय झालं? बदक कच्चं आहे का?"

"बाबा," वाएलने घसा साफ केला. "मंत्रालयातून फोन आला होता. सकाळी. त्यांच्या यादीत काहीतरी गडबड झालीय. तुमचं नाव... रद्द झालं."

रिफअतच्या हातात मुलुखियाच्या पातळ भाजीचा चमचा होता. तो त्याने वाटीत परत ठेवला, सांडू न देता.

"बरं," तो म्हणाला.

एवढंच. मग त्याने पावाचा तुकडा मोडला, आणि वाएलला म्हणाला, "तू जेव. तुझा काय दोष?"

अत्तियातने हातातला घास खाली ठेवला. हा "बरं" तिने पूर्वी ऐकला होता. मन्सी गेला त्याच्या आधीच्या आठवड्यात त्याने तिचा हात धरून विचारलं होतं, "अत्तियात, मला काय झालंय? खरं सांग." ती म्हणाली होती, गॅस. तो "बरं" म्हणाला होता. त्यानंतर सहा दिवस जिवंत होता आणि तिच्याशी एक शब्द बोलला नाही. मापात मारणाऱ्या दुकानदाराकडे बघावं तसं बघायचा. पस्तीस वर्षांचा संसार. शांत गेला, असं ती चार वर्षं सगळ्यांना सांगत आली होती. शांत नव्हता गेला. गप्प गेला.

"खोटं बोलतोय तो," अत्तियात म्हणाली.

"आत्या," वाएल म्हणाला.

"गप्प बस. रिफअत, तुझं नाव यादीत आहे. कुणाचा फोन आलेला नाही."

रिफअतने बहिणीकडे पाहिलं, मग मुलाकडे. "मग हा खोटं का बोलतोय?"

ईनासने तोंड उघडलं, पण रिफअतने हात वर करून तिला थांबवलं. तो बायकोकडे वळला. "वाएलच्या आई, तू सांग."

इनायातला वाटलं होतं, ही वेळ आली तर आपण उठून आत जाऊ. ती उठली नाही. तिने डोक्यावरचा रुमाल उगाच नीट केला आणि म्हणाली, "खडा नाहीये तुम्हाला. कॅन्सर आहे. आतड्यात होता, तिथून लिव्हरमध्ये आलाय. उन्हाळ्यात कापलं तो अल्सर नव्हता. चढवत होते ते रक्ताचं औषध नव्हतं."

तिने तो वाईट आजार म्हटलं नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच तिने तो शब्द पुरा उच्चारला, आणि तो जेवणाच्या टेबलावर, बदक आणि भाताच्या मध्ये, येऊन पडला. कुणी मेलं नाही.

"आणि साखर?" रिफअतने विचारलं.

"काय?"

"साखर. साखर तरी आहे का?"

"नाही."

"कधीच नव्हती?"

"नाही. बोटं औषधाने गेलीत. येतील परत, डॉक्टर म्हणाले."

रिफअत खुर्चीत मागे टेकला. "तीन महिने," तो म्हणाला. "माझ्यासमोर तुम्ही सगळ्यांनी मुशब्बक खाल्लं. वाएलच्या पोरीच्या वाढदिवसाला दोन किलो आणलं होतं. मी पेरू खाल्ला."

ईनासला हसू फुटलं आणि त्याचं रडणं कधी झालं ते तिलाही कळलं नाही. रिफअत उठला आणि गॅलरीत गेला. वाएल मागून निघाला, तेव्हा रिफअत न वळता म्हणाला, "तू नाही. ईनास."

गॅलरीतून नाईलचा एक तुकडा दिसतो आणि बाकी सगळी दुसऱ्यांच्या कारखान्यांची छपरं. ईनास कठड्याला धरून उभी राहिली.

"किती आहेत?"

"चार. तीन उजव्या बाजूला, एक डाव्या."

"गाठ काढताना भोवतीचं चांगलं लाकूड किती जाणार?"

"उजवी बाजू पूर्ण. डावीकडचा एक तेवढा कोरून काढतील. अर्ध्याहून जास्त जाईल, बाबा."

"उरलेलं धरेल?"

"मोजलंय त्यांनी. तेवढं पुरतं. आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा वाढतं."

"वाढतं?" त्याला हे खोटं वाटलं. साहजिक होतं. "लाकूड असं करत नाही."

"लिव्हर करतं."

"मग औषधच चढवत राहा. आकसलेत ना त्याने?"

"आकसलेत, म्हणूनच आत्ता कापायचं. अजून चढवलं तर दोन गोष्टी होतील. चांगलं लिव्हरसुद्धा भुसभुशीत होईल, कापणं झेपणार नाही. आणि ठिपके एवढे बारीक होतील की फोटोत दिसणार नाहीत. दिसले नाहीत म्हणजे गेले असं नाही. आत असतात. डॉक्टरला सापडत नाहीत, एवढंच."

रिफअतने मान हलवली. वाळवी दिसत नाही म्हणून खुर्ची चांगली आहे, असं सांगणारे व्यापारी त्याने पाहिले होते. मग त्याने खाली गल्लीकडे बोट केलं. "यांना माहीत होतं?"

ईनासने गल्लीवरून नजर काढून घेतली.

"सगळ्यांना?"

"हो, बाबा."

"म्हणजे गादीवाला माझ्या हजसाठी रडत नव्हता." "सकाळपासून मी हसत हसत मिठ्या मारतोय आणि ते मला निरोप देतायत. तुम्ही मला गल्लीत उघडं उभं केलंत."

तिने त्याचा हात धरायला हात पुढं केला. त्याने धरू दिला, पण बोटं मिटली नाहीत. ती बोटं तशी मिटतच नव्हती, हे तिला नंतर आठवलं.

तो परत आत आला तेव्हा सगळे जागच्या जागी बसून होते. कुणी जेवलं नव्हतं.

"मी हजला जाणार," रिफअत म्हणाला. "मरायचंच असेल तर तिथं मरीन. त्याहून चांगलं कुणाला मिळालंय?"

"बाबा, वैद्यकीय तपासणीत अडवतील," ईनास म्हणाली.

"वाएल दाखला आणेल. त्याला खोटे कागद जमतात."

वाएलने मान खाली घातली. मोठा माणूस, दोन पोरांचा बाप, टेबलाच्या कडेवर नखाने रेघ ओढत बसला. मग म्हणाला, "बाबा, आत्या जाऊन आलीय. तिला तुमच्या नावाने पाठवू. आज ना उद्या, तिला जमेल तेव्हा. बदली हज होते. शेखना विचारलंय मी."

"शेखना विचारलंस?"

"हो."

"कधी?"

"सोडत लागली त्याच दिवशी."

"म्हणजे शेखलाही माहीत आहे." रिफअत बसला. "मग शेखने हेही सांगितलं असेल, की जिवंत माणसाच्या बदली हज कुणी करायची. जो पुन्हा कधी उठणारच नाही, त्याच्यासाठी दुसरा जातो. ज्याला बरं व्हायची आशा आहे त्याने दुसऱ्याला पाठवायचं नसतं. त्याने थांबायचं, बरं व्हायचं, आणि आपल्या पायाने जायचं. बरोबर ना, अत्तियात?"

"बरोबर," अत्तियात म्हणाली.

"मग सांगा, मी यातला कोण?"

त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुम्हाला विचारून उपयोग नाही. तुम्ही मला पुन्हा काहीतरी गोड सांगाल. ज्याच्या हातात सुरी आहे त्याला विचारतो."

सोमवारी सकाळी मन्सूरात डॉक्टर शुक्रींच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. रिफअत मधल्या खुर्चीत बसला, डावीकडे ईनास, उजवीकडे वाएल. इनायात आणि अत्तियात बाहेर बाकावर. डॉक्टर बुटका, टकलू, हाताची नखं अगदी मुळापर्यंत कापलेला माणूस होता. रिफअतने आधी त्याचे हात पाहिले. कारागिराचे आहेत, असं त्याला वाटलं, आणि त्याला थोडं बरं वाटलं.

"दुमियातचे ना तुम्ही?" डॉक्टर म्हणाले. "तुमच्याकडे पाहुण्याला विचारतात म्हणे, जेवणार की हलक्या पोटी झोपणार."

"आम्हाला कंजूष ठरवायला मन्सूरावाल्यांनी उठवलेली कंडी आहे ती."

"असेल. पण आज तुम्हाला हलक्या पोटीच झोपायचंय, त्यामुळं तुमच्या गावाची रीत इथं चालेल." मग ते गंभीर झाले. "तुम्हाला काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे का? तुमच्या शब्दांत सांगा."

"कॅन्सर," रिफअत म्हणाला. "आतड्यातून लिव्हरमध्ये. शुक्रवारी दुपारी कळलं. जेवताना."

डॉक्टरांनी वाएलकडे पाहिलं, मग परत रिफअतकडे. "सॉरी," ते म्हणाले.

"एक विचारायचंय. माझं नाव हजच्या सोडतीत निघालंय. या वर्षी जाता येणार नाही म्हणतात. मग माझ्या बदली पुढं कुणाला तरी पाठवू, की थांबू?"

"मी मुफ्ती नाही, उस्ताद रिफअत."

"मुफ्तीने माझं लिव्हर पाहिलेलं नाही."

टेबलावरचा फोटो डॉक्टरांनी दिव्याच्या काचेवर लावला. करड्या ढगात चार काळसर डाग होते. रिफअतने ते पहिल्यांदाच पाहिले. मसुराएवढे असतील असं त्याला वाटलं होतं. एक लिंबाएवढा होता.

"मी गोड बोलणार नाही," डॉक्टर म्हणाले. "हे ऑपरेशन केलेल्या दहा जणांपैकी चार-पाच जण पाच वर्षांनी चालते-फिरते असतात. बरेचदा तो परत येतो. कधी पुन्हा कापता येतो, कधी नाही. आणि शंभरातले दोन-तीन जण या हॉस्पिटलातून घरी जातच नाहीत. रक्त जातं, किंवा उरलेलं लिव्हर काम करत नाही."

"आणि आधी हज, मग ऑपरेशन केलं तर?"

डॉक्टरांनी फोटोवर एका डागाजवळ करंगळी ठेवली. "ही मोठी शीर. हा डाग. मध्ये अंतर एवढं." नखाची जाडी दाखवली. "औषधाने आकसला म्हणून एवढं तरी मिळालं. चार महिन्यांत तो या शिरेला चिकटला, तर मी पोट उघडून परत शिवीन. हात लावणार नाही."

ईनासने बापाच्या चेहऱ्याकडे न बघण्याचा प्रयत्न केला आणि तिला ते जमलं नाही.

"मग कुणाला पाठवू?" रिफअतने परत विचारलं.

"कुणालाच पाठवू नका," डॉक्टर म्हणाले. "थांबा."

रिफअतने हळूच श्वास सोडला. त्याला चांगली बातमी मिळाली नव्हती. दहातले चार-पाच म्हणजे नाणं उडवण्यासारखंच झालं. पण सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या हातात खरी वस्तू दिली होती, आणि तिचं वजन त्याला कळत होतं.

"कागद आणा," तो म्हणाला.

नर्सने चार पानांचा फॉर्म आणून ठेवला. वाएलने सवयीने तो आपल्याकडे ओढला, शेवटचं पान काढलं, सहीच्या रेघेवर बोट ठेवलं आणि पेन बापापुढं केलं. "इथं, बाबा."

रिफअतने पेन घेतलं नाही.

"सही करणार आहे," तो म्हणाला. "आधी वाच."

"सगळं?"

"सगळं. पहिल्या पानापासून. मोठ्याने."

"बाबा, मी वाचते," ईनास म्हणाली.

"त्याला वाचू दे."

वाएलने पहिलं पान वर घेतलं. नाव वाचलं. वय वाचलं. सदुसष्ट. पत्ता वाचला, गल्लीचं नाव वाचलं. त्याचा आवाज कारखान्यात गिऱ्हाईकाशी बोलताना असतो तसा होता, भरदार. मग तो आजाराच्या रेघेवर आला आणि थांबला. सहा महिने त्याने हा शब्द औषधाच्या दुकानात, गाडीत, बायकोजवळ, शेखजवळ, सगळीकडे चुकवला होता. बापाला रोज उचलताना त्याला वाटायचं की शब्द बाहेर पडला तर हात सुटतील आणि बाप खाली पडेल. तो भित्रा होता. वाईट नव्हता. आपल्याकडे या दोन्हींत फरक करायला फार उशीर होतो.

डॉक्टर घड्याळाकडे बघत नव्हते. ईनासने भावाच्या मागून हात नेऊन त्याच्या पाठीवर ठेवला. रिफअत वाट बघत होता. त्याला घाई नव्हती.

"लिव्हरमध्ये पसरलेला..." वाएल म्हणाला. त्याने पान टेबलावर सपाट ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. "लिव्हरमध्ये पसरलेला आतड्याचा कॅन्सर."

"पुढची ओळ," रिफअत म्हणाला.